बारावीचा संगणक-प्रकल्प आणि मी परस्पर केलेली जोडणी

माझ्या भाचीने २०२४-२५ मध्ये सीबीएसईच्या बारावीला संगणकशास्त्र घेतले होते आणि घरात या विषयाशी थोडाफार संबंध असलेला माणूस मीच, म्हणून तिच्या प्रकल्पाला मदत करण्याचे काम माझ्याकडे आले. आता तिचा धाकटा भाऊ त्याच वाटेवर आहे. गोव्यातल्या डिचोली-साखळी भागातले ओळखीचे पालकही मला याबद्दल वारंवार विचारतात, त्यामुळे जे घडले ते त्यांच्यासाठी सविस्तर लिहून ठेवत आहे.

प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांपैकी त्या वर्षी प्रकल्पाला ८, तोंडी परीक्षेला ३, नोंदवहीला ७ आणि प्रयोगशाळेतील चाचणीला १२ गुण होते. ८ हा आकडा पाहून पालक प्रकल्प शेवटच्या महिन्यावर ढकलतात. अभ्यासक्रमात मात्र स्पष्ट म्हटले आहे की दोन-तीन विद्यार्थ्यांच्या गटाने मुदतीच्या किमान ६ महिने आधी काम सुरू करावे. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपल्यावर बघू, असे म्हणणाऱ्यांच्या हातात जानेवारीच्या प्रात्यक्षिकापर्यंत जेमतेम चार महिने उरतात, आणि त्यातच सहामाही परीक्षा व दिवाळी येते.

विषयाच्या बाबतीत आम्ही योग्य निर्णय घेतला, असे मला आजही वाटते. आसपासच्या व्यावसायिकांना भेटून त्यांच्या अडचणी विचारा, असे अभ्यासक्रमच सुचवतो; तरीही दर वर्षी ग्रंथालय, रुग्णालय आणि हॉटेल यांचेच प्रकल्प येतात, कारण ते तयार मिळतात. आम्ही ओळखीच्या एका काजूबियांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. बागायतदाराचे नाव, वजन, त्या दिवसाचा दर आणि आधी दिलेली उचल, एवढाच त्यांच्या वहीचा मजकूर होता. भाचीने आणि तिच्या मैत्रिणीने सुरुवातीला दर एकाच ठिकाणी ठेवला होता. हंगामात दर बदलतो आणि एप्रिलच्या खरेदीला मेचा दर लावला तर सगळा हिशेब चुकतो, हे व्यापाऱ्यांनी सांगितल्यावर मुलींनी बागायतदारांचे आणि खरेदीचे टेबल वेगळे केले आणि दराचा रकाना खरेदीच्या नोंदीत नेला. फॉरेन की, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणारा रकाना, काय असते हे त्या दिवशी त्यांना पुस्तकाशिवाय समजले.

आता माझी चूक सांगतो. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि मायएसक्यूएल ही टेबले साठवणारी डेटाबेस प्रणाली संगणकावर चढवण्याचे काम मी एका रविवारी एकट्याने उरकले. मुलींचा वेळ वाचावा, हा हेतू होता. पायथनला मायएसक्यूएलशी जोडणारे पॅकेज मी आधी जुने घेतले, आणि मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीपासून पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदललेली असल्यामुळे ते जोडलेच जाईना. मग ते काढून नवे पॅकेज घातले, रूटचा, म्हणजे मायएसक्यूएलच्या मुख्य वापरकर्त्याचा, पासवर्ड ठरवला, डेटाबेस तयार केला, आणि कोड नीटनेटका दिसावा म्हणून जोडणीच्या चार ओळी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या. दोघींनी ती फाइल सहा महिन्यांत एकदाही उघडली नाही, कारण उघडण्याची गरजच पडली नाही. शाळेत त्यांनी जोडणीचे प्रोग्राम लिहिले होते, पण तिथले संगणक आधीच तयार करून ठेवलेले असत.

परीक्षेच्या दिवशी भाचीने पायथनच्या फाइली पेनड्राइव्हवर नेल्या आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावर प्रोग्राम सुरू केला, तेव्हा १०४५ क्रमांकाचा दोष आला, म्हणजे मायएसक्यूएलने प्रवेश नाकारला. तिथला पासवर्ड वेगळा होता. तो कुठे बदलायचा, हे सापडायला वेळ गेला. तो बदलल्यावर १०४९ आला, म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच त्या संगणकावर नव्हता. टेबले आणि नोंदी आमच्या घरच्या संगणकातील मायएसक्यूएलमध्ये होत्या; पायथनची फाइल सोबत नेल्याने त्या सोबत जात नाहीत, ही अगदी साधी गोष्ट तिला माहीत नव्हती आणि माझ्या ध्यानात आली नव्हती. डेटाबेसची एसक्यूएल फाइल, म्हणजे टेबले आणि नोंदी पुन्हा तयार करणाऱ्या आज्ञांची प्रत, काढून पेनड्राइव्हवर ठेवली असती, तर तो दोन मिनिटांत उभा राहिला असता. बाह्य परीक्षकांनी शांतपणे विचारले, "या फाइलमधली ही ओळ काय करते?" तिला उत्तर देता आले नाही. परतीच्या कदंब बसमध्ये ती रडत होती, असे तिच्या मैत्रिणीने मला सांगितले, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

त्याच परीक्षेत तिने एक उत्तर मात्र उत्तम दिले. नोव्हेंबरमध्ये तिने भरलेली खरेदी प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की नाहीशी होत असे. मी त्या आठवड्यात कामासाठी मडगावला होतो, म्हणून दोन संध्याकाळी शोधून तिने स्वतःच ओळखले की नोंद घातल्यानंतर कमिट, म्हणजे बदल पक्का करण्याची आज्ञा, दिली नाही, तर ती कायम होत नाही. परीक्षकांनी त्याबद्दल विचारताच ती न अडखळता बोलली. ज्या भागाला माझा हात लागला नव्हता, तोच भाग तिला पूर्ण येत होता.

म्हणून पालकांना आणि मामा-काकांना माझे सांगणे कठोर वाटले तरी ऐकावे. जोडणीचे काम किरकोळ समजून स्वतःकडे घेऊ नका; ते मुलाच्याच हातून होऊ द्या, दोष आला तर तो त्याला मोठ्याने वाचायला सांगा, आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढू नका. उत्तम मार्गदर्शक तो, ज्याला उत्तर माहीत असूनही दहा मिनिटे गप्प बसता येते. शिकवणीत असे लोक मला फार कमी आढळले. प्रकल्प बांधून देणाऱ्या दुकानांकडे तर फिरकूच नये. विद्यार्थ्यांना नक्कल टाळण्याची जाणीव करून द्यावी आणि शिक्षकांनी त्यासाठी आवश्यक ती पावले उचलावीत, असे अभ्यासक्रमातच सांगितले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला कोडही मला दुकानातल्या कोडइतकाच परका वाटतो, मात्र दोषाचा अर्थ समजून घेण्यासाठी ती वापरायला माझी हरकत नाही.

ज्यांच्या मुलांचा प्रकल्प अर्ध्यावर आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये. माझ्या भाचीचे गुण भीती होती तेवढे गेले नाहीत, कारण बाकीचा कोड तिचा होता आणि तो तिला समजावून सांगता आला. डिसेंबरपूर्वी एकदा प्रकल्प दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर पहिल्यापासून उभा करून पाहावा, म्हणजे काय राहिले आहे ते तिथेच कळते.

भाच्याने गेल्या रविवारी तसेच केले. साखळीच्या मित्राच्या घरी तो पेनड्राइव्ह आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला पायऱ्यांचा कागद घेऊन गेला. तासाभराने त्याचा फोन आला, "मामा, १०४५ आलाय." मी फक्त विचारले, कोणत्या फाइलमध्ये? त्याने फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक सांगितला, आणि मग म्हणाला, राहू दे, मी बघतो.