वाळवंटातलं अभयारण्य सांभाळताना या चुका टाळा

राजस्थानातल्या डेझर्ट नॅशनल पार्कचं क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत ते पसरलंय. पहिल्यांदा तिथं गेलेला माणूस गाडीतून उतरतो, चहूकडे बघतो आणि विचारतो, "इथं आहे काय?" पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ या प्रश्नातच आहे. जमीन मोकळी दिसली की तिच्यावर काहीतरी आणून ठेवायची घाई होते. कोणी झाडं आणतं, कोणी पाणी, कोणी कुंपण, कोणी तारा. थरचे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ पचवत आलेत. ही भर मात्र त्यांना पचत नाही.

हिरवं केलं म्हणजे भलं केलं, असं समजणं

ही सगळ्यात महागात पडलेली चूक. थरच्या पश्चिम भागाची खरी दौलत म्हणजे सेवण गवत. याचे जाड ठोंब वर्षानुवर्षं टिकतात, मुळं वाळू धरून ठेवतात आणि वरून वाळून काडी झालेला ठोंब एका पावसात पुन्हा फुटतो. त्या फुटव्यावर नाकतोडे आणि भुंगेरे येतात आणि त्यांच्यावर माळढोकाची पिल्लं वाढतात. माळढोकाला तिकडे गोडावण म्हणतात. तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. त्याला लांबवर नजर पोचेल असा माळ लागतो. तिथं दाट झाडी उभी केली की कोल्ह्याला आडोसा मिळतो, शिकारी पक्ष्याला बसायला फांदी मिळते आणि माळढोक ती जागा सोडून जातो.

वाळू थोपवण्यासाठी म्हणून विलायती बाभूळ आणली गेली. आपल्याकडे तिला वेडी बाभूळ म्हणतात. शेंगा गुरं, शेळ्या आणि नीलगाई खातात, बी शेणा-लेंड्यांतून दूरवर जातं आणि मोकळा माळ झाडीने भरतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या लागवडीने हेच केलं, माळढोकाचा माळ आक्रसला.

आधीच वेडी बाभूळ माजली असेल तर नुसती तोडू नका. तोडलेल्या बुंध्यातून दुप्पट फांद्या फुटतात आणि पुढच्या वर्षी काम वाढतं. जमिनीखाली जिथून फुटवे येतात तो गड्डा खणून काढावा लागतो, तोही शेंगा पिकायच्या आधी. मोकळी झालेली जागा तशीच सोडली तर बाभूळच परत येते, म्हणून पावसाच्या तोंडावर तिथं सेवणचं बी टाका आणि गवत धरेपर्यंत चराई थांबवा. झाड लावायचंच असेल तर खेजडी, बोर, केर असं तिथलंच लावा, तेही जिथं ते पूर्वीपासून होतं तिथं आणि विरळ.

दया म्हणून जागोजागी पाणी ठेवणं

उन्हाळ्यात टँकरने पाणवठे भरल्याचे फोटो बघून बरं वाटतं. पण चिंकारा हे छोटं हरीण बराचसा ओलावा पाल्यातून मिळवतं आणि पाण्यावाचून बरेच दिवस काढू शकतं. बारमाही पाण्याचा फायदा आधी घेतात ती भटकी कुत्री आणि रानडुकरं. गुरांचा मुक्कामही तिथंच वाढतो आणि पाणवठ्याभोवतीचं गवत तुडवून संपतं. पाणवठे थोडे आणि एकमेकांपासून लांब ठेवा, कडक उन्हाळा सरला की कोरडे पडू द्या.

सिमेंटची खोल, उभ्या भिंतींची टाकी तर नकोच. पाण्याची पातळी खाली गेली की वाकून प्यायला गेलेला प्राणी आत पडतो आणि गुळगुळीत भिंतीवर खूर किंवा नखं घासत राहतो. उथळ, बशीसारखा उतार ठेवा. जुनी टाकी पाडता येत नसेल तर आत दगडांची चढण रचा.

जाळीचं कुंपण घातलं की काम झालं

कुंपणामुळे गुरं थांबतात आणि आतलं गवत वाढतं, हे खरंच आहे. पण कुत्र्यांची टोळी मागे लागली की चिंकारा जिवाच्या आकांताने थेट जाळीवर जाऊन आदळतो. जाळीच्या बाहेर केस आणि रक्त, आणि जवळ कुत्र्यांचे ठसे दिसले तर दुखणं कुंपणाचं आणि कुत्र्यांचं मिळून आहे. जिथं गुरांचा त्रास नाही तिथली जाळी काढा, इतरत्र खालची तार उचलून प्राण्यांना निसटायला जागा ठेवा.

कुत्र्यांची नुसती नसबंदी करून भागत नाही, कारण नसबंदी झालेलं कुत्रंही शिकार करतं. त्यांचं पोट कशावर भरतं ते शोधा. सहसा ते तंबूंच्या रिसॉर्टांमागचं खरकटं असतं, नाहीतर उघड्यावर टाकलेली मेलेली गुरं. ही गुरं पुरून टाकावीत तर गिधाडं उपाशी राहतात. म्हणून त्यासाठी एक जागा ठरवून तिला कुत्री शिरणार नाहीत असं कुंपण घाला, वरून उघडी ठेवा आणि औषधं दिलेलं जनावर तिथं टाकू नका. गिधाडांना मारणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली ती याच कारणाने.

वीजवाहिन्यांना बाहेरचा प्रश्न मानणं

"तारा हद्दीबाहेर आहेत," हे उत्तर पक्ष्याला कळत नाही. माळढोक १५ किलोपर्यंत भरतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि तार दिसेपर्यंत एवढं वजन वळवायला वेळ उरत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने थरमधल्या माळढोकाच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर अधिवासात वर्षाला ८४ हजार पक्षी तारांमुळे मरत असावेत असा अंदाज काढला होता. दीडशेही न उरलेल्या, वर्षाला बहुधा एकच अंडं घालणाऱ्या माळढोकाला यातले मोजके मृत्यूही परवडत नाहीत. जैसलमेर जिल्ह्यातल्या सम आणि रामदेवरा इथल्या माळढोक प्रजनन केंद्रांत पिल्लं वाढताहेत ही फार मोलाची गोष्ट आहे, पण ती सोडायची कुठे, हा प्रश्न तारांपाशीच येऊन थांबतो.

महत्त्वाच्या पट्ट्यात तारा जमिनीखालूनच हव्यात. जिथं ते होत नाही तिथं तारेवर पक्ष्यांना दिसतील अशा फिरत्या चकत्या लावतात. वाऱ्याने त्या गळून पडतात, तेव्हा लावून विसरू नका. दर काही महिन्यांनी तारेखालून चालत जा, चकत्या मोजा आणि मेलेले पक्षी नोंदवा.

गावांना अडथळा समजणं

डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत सत्तरहून अधिक गावं आहेत. त्यांचे रस्ते, वीज, पाणी अडवून धरलं की राग प्राण्यांवर निघतो. मध्य प्रदेशातल्या करेरा अभयारण्यात जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, काळविटांनी पिकं खाल्ली, लोक बिथरले आणि तिथला माळढोक संपला. महाराष्ट्राने १९७९ मध्ये माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटर जाहीर केलं, त्यात गावंच काय शहरंही आली. ते क्षेत्र पुढे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं.

दुसरीकडे गावांनी देवाच्या नावाने राखलेली ओरणं बघा. जैसलमेरच्या देगराय ओरणात कोणी फांदी तोडत नाही. सरकारी दप्तरात मात्र अशा कितीतरी जमिनी पडीक म्हणून लागल्या आणि सौरप्रकल्पांकडे गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओरणांची मोजणी करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचे आदेश राजस्थानला दिले. तुमच्या भागात ओरण असेल तर आधी सातबाऱ्यासारखा तिथला महसुली उतारा काढून बघा, जमीन कशी नोंदली आहे ते.

पौर्णिमेच्या एका रात्रीच्या गणनेवर विसंबणं

वैशाख पौर्णिमेला पाणवठ्यावर बसून प्राणी मोजायची पद्धत राजस्थानातही आहे आणि आपल्या जंगलांतही. वाळवंटात तिचा आधार फार तोकडा. सांडा हा सरडा संध्याकाळी बिळात शिरतो आणि आतून वाळूने तोंड बंद करून घेतो. तो त्या रात्री कोणालाच दिसणार नाही. त्याच्यासाठी सकाळी ऊन तापल्यावर उघडी बिळं मोजा, त्याच पट्ट्यात, दरवर्षी त्याच हंगामात. चिंकाऱ्यासाठी ठरलेल्या वाटांवरून पहाटे मोजणी करा. वाटा बदलल्या तर मागच्या वर्षीशी तुलना होत नाही. मोजणीला गाडी पट्टा सोडून नेऊ नका, चाकाखाली हीच बिळं दबतात. या वाटांवर रोज गुरं चारणाऱ्या गुराख्याला मानधन देऊन नोंदवही सोपवली, तर वर्षभराची माहिती मिळते.