एका गळ्यातून दोन पात्रं कशी बोलवावीत: मेल ब्लँककडून शिकलेली पद्धत

कार्टूनला आवाज द्यायचा म्हणजे आवाज बारीक करायचा, हा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. मी डबिंगला लागले तेव्हा मलाही तोच मिळाला होता. त्यापायी दोन वर्षं माझी खार, माझा ससा आणि माझी चिमणी एकाच सुरात किणकिणत राहिली. पुढे मेल ब्लँकची जुनी कार्टूनं डोळे मिटून ऐकायला लागले आणि काम कुठे चुकतंय ते कळलं. खाली दिलेली पद्धत त्यातून बसवली आहे. मुलांना गोष्ट वाचून दाखवायची असो, शाळेच्या बाहुलीनाट्यात चार पात्रं एकट्याने करायची असोत किंवा ऑडिओबुक रेकॉर्ड करायचं असो, ती सगळीकडे चालते.

ज्यांना नाव ओळखीचं नाही त्यांच्यासाठी: मेल ब्लँक ३० मे १९०८ला सॅन फ्रान्सिस्कोत जन्मले, ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला वाढले आणि १० जुलै १९८९ला लॉस एंजेलिसमध्ये गेले. बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग, ट्वीटी, सिल्व्हेस्टर, योसेमिटी सॅम, फॉगहॉर्न लेगहॉर्न ही सगळी मंडळी या एका माणसाच्या गळ्यातली. १९२७मध्ये ते पोर्टलंडच्या रेडिओवर बोलायला लागले. १९३३मध्ये तिथेच पत्नी एस्टेलसोबत त्यांनी एक कार्यक्रम चालवला, आणि त्यातली बहुतेक पात्रं या दोघांनाच करावी लागत. रेडिओवर चेहरा नाही, पोशाख नाही, रीटेकही नाही. त्यांचं खरं शिक्षण तिथे झालं.

आधी माणूस ठरवा

ब्लँकना बग्ज बनीचं चित्र दाखवलं गेलं आणि स्वभाव सांगितला गेला: बेरकी, उद्धट, कुणाच्या बापाला न घाबरणारा. असा माणूस न्यूयॉर्कमध्ये कुठे राहत असेल, असा विचार त्यांनी केला आणि ब्राँक्स व ब्रुकलिन या दोन भागांतली बोलण्याची ढब एकत्र केली. १९४०च्या 'अ वाइल्ड हेअर'मध्ये तो ससा पहिल्यांदा गाजर चावत बोलला. ससा कसा बोलेल हा प्रश्न त्यांनी घेतलाच नाही. हा ससा कोण आहे, एवढंच पाहिलं.

तुम्हीही तेच करा. पात्र कुठलं, त्याला कसली घाई आहे आणि ते कुणाला टरकून असतं, या तीन गोष्टी कागदावर लिहा. मग "आधी मला जाऊ द्या" हे एकच वाक्य त्याच्या तोंडून म्हणा. एसटीच्या दारात लोंबकळणारा कंडक्टर हे वाक्य जसं म्हणेल तसं रेशनच्या रांगेतली आजी म्हणणार नाही. बोली वापरायची असेल तर ज्या माणसांत तुम्ही राहिलात त्यांचीच वापरा. सिनेमातून उचललेला कोल्हापुरी किंवा मालवणी हेल कोल्हापूर-मालवणच्या माणसाला दुसऱ्या शब्दालाच खटकतो, आणि त्यात त्याचा अपमानही होतो.

लकब एकच, आणि तिची जागा पक्की

पोर्की पिगचं उदाहरण घ्या. त्याला आधी आवाज देणारे जो डॉहर्टी खरोखर तोतरे होते. शब्द कुठे अडेल यावर त्यांचा ताबा नसल्यामुळे रेकॉर्डिंग लांबायचं. १९३७मध्ये ते काम ब्लँककडे आलं. 'पोर्कीज डक हंट'मध्ये त्यांनी पोर्कीही केला आणि त्याच कार्टूनात पहिल्यांदा अवतरलेला डॅफीही. त्यांचा पोर्की एका शब्दावर अडतो, दोन-तीनदा झटतो, तो शब्द सोडून देतो आणि दुसराच सोपा शब्द घेऊन वाक्य पुरं करतो. त्या अडण्याला ताल आहे. स्क्रिप्टवर पेन्सिलीने खूण करावी तितकी त्याची जागा ठरलेली आहे. लकब अशी बसवायची असते. ती वाक्यभर सांडली की ऐकणारा शब्द ऐकायचं सोडून लकबच ऐकत बसतो. (तोतरेपणा मात्र मी लकब म्हणून घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. त्यावरून वर्गात चिडवली गेलेली मुलं मला माहीत आहेत.)

माझा गळा एवढाच, त्यातून किती आवाज निघणार, असं वाटत असेल तर डॅफी आणि सिल्व्हेस्टर पाठोपाठ ऐका. दोघांचा 'स' तसाच जिभेत अडकणारा, थुंकी उडवणारा. डॅफीचं रेकॉर्डिंग वेगाने चालवून आवाज वर नेलेला असे, सिल्व्हेस्टरचा मात्र मुळातला. एक बदक आकांडतांडव करणारं, एक बोका स्वतःला शहाणा समजणारा. हत्यार तेच, पण दोघांची गल्लत कुणाची होत नाही.

घसा तापवणं

दहा मिनिटं ओठ फुरफुरवा आणि खर्जात गुणगुणा, एवढं पुरे. मध, ज्येष्ठमध, आलं यांनी बरं वाटतं, पण पात्र तयार होत नाही.

खरी अडचण: ते दोघं एकमेकांशी बोलायला लागतात तेव्हा

सगळा घात इथे होतो, आणि याबद्दल कुणी नीट सांगत नाही.

माझ्याकडे अकरा मिनिटांची एक ऑडिओगोष्ट आली होती, कोल्हा आणि म्हातारी कासवीण. वेगवेगळे म्हणून दाखवले तेव्हा दोघंही छान. कोल्हा नाकातला, तुटक. कासवीण छातीतली, शब्दाचं शेपूट लांबवणारी. मग भांडणाचा प्रसंग आला. दहाव्या वाक्यापर्यंत कोल्हा शेपूट लांबवायला लागला आणि कासवीण नाकात गेली. काचेपलीकडून दिग्दर्शकाने शांतपणे विचारलं, "आत्ता कोण बोललं?" मला सांगता आलं नाही. एका पानाला संध्याकाळ गेली. घरी येऊन मी ठरवलं की दोघांच्या पट्टीत अजून अंतर टाकायचं: कोल्हा आणखी वर, कासवीण आणखी खाली. महिनाभर हेच केलं. घसा सोलून निघाला आणि गल्लत होती तशीच राहिली.

कारण गल्लत पट्टीत नव्हतीच, श्वासात होती. आपण पहिल्या पात्राचं वाक्य संपवतो, आणि उरलेल्या अर्ध्या श्वासावरच दुसऱ्याचं सुरू करतो. म्हणजे कासवीण कोल्ह्याच्या श्वासावर बोलते. वाक्याची सुरुवात आपण जागरूकपणे पकडतो, त्यामुळे तिथे आवाज बरोबर लागतो. शेवटच्या दोन शब्दांवर लक्ष सुटतं आणि मागचं पात्र तिथून आत शिरतं. तुमचं रेकॉर्डिंग काढून फक्त वाक्यांचे शेवट ऐका. चूक तिथेच सापडेल.

म्हणून प्रत्येक पात्राला त्याचा स्वतःचा श्वास द्या. माझा कोल्हा नाकाने, छातीच्या वरच्या भागात, आखूड श्वास घेतो. कासवीण तोंड किंचित उघडून पोटात घेते. दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आवाज बदलायच्या मागे लागायचं नाही. उरलेला श्वास सोडून द्यायचा आणि दुसऱ्याचा घ्यायचा. श्वास बदलला की आवाज आपोआप मागे येतो. सुरुवातीला ही फट लांब पडेल, भांडण रांगेल. रांगू द्या. आठवडाभर असं संथ म्हणा, मग वेग वाढवा. आधी वेग आणि नंतर स्वच्छता, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

त्यानंतर प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारा आणि फक्त तेवढेच शब्द आलटून-पालटून म्हणा: कोल्ह्याचे दोन, कासविणीचे दोन, पुन्हा कोल्ह्याचे. ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण सांधा पक्का होतो तो याने.

आता परीक्षा. १९५१चं 'रॅबिट फायर' पाहा. शिकाऱ्यासमोर ससा आणि बदक भांडतायत, हंगाम सशाचा की बदकाचा. एका ठिकाणी डॅफी बग्जचं सोंग घेतो आणि बग्ज डॅफीचं. दोघांचे आवाज ब्लँकचेच. कान देऊन ऐका: डॅफीने काढलेल्या बग्जच्या आवाजात आतला डॅफी ऐकू येतो. बग्जचं बेफिकीर बोलणं त्याला जमल्यासारखं वाटतं, पण खालची चरफड लपत नाही. एकाच वेळी एका गळ्यात दोन पात्रं उभी आहेत, एक बाहेर, एक आत. ती जागा मी किती वेळा मागे नेऊन ऐकली याची मोजदाद नाही. तुमच्या कोल्ह्याला कासविणीची नक्कल करायला लावा. नुसतीच कासवीण बाहेर आली, तर तुमचा कोल्हा अजून तयार नाही. ती फक्त एक पट्टी आहे, पहिल्या पायरीवर परत जा.

दोन्ही पात्रं वेगळी रेकॉर्ड करून नंतर जोडायची, हा सोपा मार्ग तुम्हाला हमखास सुचवला जाईल. नवशिक्याने तो घेऊ नये. डॅफीचा आवाज नंतर वेगाने चालवायचा असल्यामुळे त्याची वाक्यं वेगळी घ्यावीच लागत, हे खरं. पण ब्लँकच्या पाठीशी थेट प्रक्षेपणाची वर्षं होती. समोर नसलेल्या पात्राचं वाक्य त्यांच्या कानात वाजत असे. आपल्या कानात ते वाजत नाही, म्हणून जोडलेलं भांडण दोन वेगवेगळ्या खोल्यांत झाल्यासारखं लागतं.

शरीरही बदला. कोल्ह्याला मी टाचा उचलते, कासविणीला खांदे सोडते. यावर एकाने मला ब्लँकचाच दाखला दिला होता. २४ जानेवारी १९६१ला लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर त्यांच्या मोटारीची समोरासमोर धडक झाली आणि ते बेशुद्धीत गेले. कुणाच्याही हाकेला उत्तर नव्हतं. एका डॉक्टरांनी "आज कसं वाटतंय, बग्ज बनी?" असं विचारलं तेव्हा बग्जच्या आवाजात उत्तर आलं. पुढे अंगभर प्लास्टर असताना, पडल्या पडल्या, त्यांनी 'द फ्लिंटस्टोन्स'मधल्या बार्नी रबलचं रेकॉर्डिंग केलं. मग हातपाय कशाला हलवायचे, असा त्याचा मुद्दा. तोवर ब्लँकना माइकसमोर चौतीस वर्षं झाली होती. तुम्हाला तितकी झाली की खुशाल झोपून करा, तोवर उभे राहा.

ओरडणारं पात्र सगळ्यात शेवटी

योसेमिटी सॅम हा १९४५पासूनचा ब्लँकचा घसाफोड्या. अशा पात्राची वाक्यं दिवसाच्या शेवटी घ्या आणि दोन टेकच्या वर जाऊ नका. मी सकाळी पहिल्यांदा राक्षस केला आणि नऊ दिवस कुजबुजत काढले, त्यात हातची दोन कामं गेली. १९८८च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'मध्ये बग्ज, डॅफी, पोर्की, ट्वीटी, सिल्व्हेस्टर हे सगळे ब्लँकनी स्वतः केले. सॅम मात्र जो अलास्की या दुसऱ्या कलाकाराने केला. ऐंशीच्या घरातल्या उस्तादाने जे बाजूला ठेवलं ते तुम्हीही "आज नको" म्हणून ठेवू शकता. ब्लँकची सिगारेट मात्र घेऊ नका. ती लहानपणापासून होती आणि शेवटी फुप्फुसांना भोवली.

खाणं खरं असावं

ब्लँक खरंच गाजर चावत आणि भांड्यात थुंकत, कारण गिळत बसलं तर पुढचं वाक्य हुकतं. दुसऱ्या भाज्या-फळं वापरून पाहिली होती, पण गाजराचा कडकपणा कशातच आला नाही. तोंडाने काढलेलं खोटं 'कर्रम् कुर्रम्' माइक लगेच पकडतो. गाजर, काकडी जे असेल ते घ्या, शेजारी वाटी ठेवा.

बूथमध्ये शिरण्याआधी

नाव कुठे येणार हे लिहून घ्या. ब्लँकनी निर्माते लिऑन श्लेसिंगर यांच्याकडे पगारवाढ मागितली. ती मिळाली नाही, पण पडद्यावर नाव मिळालं. त्याच कार्टूनांत शिकारी एल्मर फडला आवाज देणारे आर्थर क्यू. ब्रायन यांचं नाव मात्र येत नसे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तोही आवाज ब्लँकचाच समजला. मी एका मालिकेत चार पात्रं केली आणि शेवटच्या पाटीवर चहावाल्यापर्यंत सगळे होते, आवाज देणारं कुणीच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, आता एडिट बंद झालं. म्हणून निर्मात्याला आदल्या दिवशी मेसेज करा: नाव येणार का, कुठे येणार, कसं लिहिणार. उत्तर लेखी आल्यावरच हेडफोन कानाला लावा.