आनुवंशिक पोटाचा कॅन्सर आणि मायक्रोआरएनए: प्रोजेक्टवाल्यांनो, या चुका टाळा

कोल्हापुरात लाइफ सायन्सची पोरं वाढलीत, चांगलंच आहे, पण दर सीझनला कोण ना कोण येतंच, "मॅडम, पोटाच्या कॅन्सरमधले मायक्रोआरएनए बघायचेत" म्हणून, आणि चुका त्याच त्याच. (मायक्रोआरएनए म्हणजे जीनचं काम दाबणारे आरएनएचे इवलेसे तुकडे, नावात नुसतं 'मिर' लिहितात.)

पहिली चूक टायटलमध्येच. आनुवंशिक लिहायचं आणि सॅम्पल घ्यायचे वॉर्डात जो पेशंट सापडेल त्याचे. अरे बाबांनो, जठराच्या एकूण कॅन्सरमध्ये खरा आनुवंशिक जेमतेम १ ते ३ टक्के. बाप आणि चुलता दोघांना झाला एवढ्यावरनं पण ठरत नाही, एकाच घरात वाढलेल्यांच्या पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा कॅन्सरला हातभार लावणारा जंतू पण एकत्रच असू शकतो. आनुवंशिक डिफ्यूज प्रकारात (गाठ न होता पेशी विखरून पसरतात तो) मूळ दोष बहुतेकदा सीडीएच१ जीनमध्ये, १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबात तो पहिल्यांदा सापडला. हा जीन ई-कॅडहेरिन बनवतो, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रोटीन. एक कॉपी जन्मापासून बिघडलेली, दुसरी चांगली, ती पण पोटातल्या एखाद्या पेशीत बंद पडली की खेळ सुरू. ती बंद पडते बऱ्याचदा प्रमोटर मेथिलेशननं (जीनच्या स्विचवर रासायनिक खुणा बसून), आणि मायक्रोआरएनएचा हात लागू शकतो तो या दुसऱ्या कॉपीच्या बाबतीत. मिर-२०० फॅमिली झेब१ आणि झेब२ या प्रोटीनना दाबून ठेवते, हे दोघं सीडीएच१ ला दाबतात, म्हणजे मिर-२०० घटलं की ई-कॅडहेरिन पण घटतं. मिर-१०१ तसंच ईझेडएच२ ला आवरतं, ते पण सीडीएच१ ला दाबणारंच. म्हणजे वारशानं येतं ते म्युटेशन. तरी थिसिसमध्ये 'मिर-२१ आईकडून आलं' असं वाचायला मिळतंच.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे फुटलेलं रक्त, म्हणजे लाल पेशी फुटलेलं. एका पोराचे सॅम्पल गडहिंग्लजकडनं एसटीनं आले, बर्फ वितळलेला, रक्त सुईतनं जोरात ओढलेलं. प्लाझ्मा फिकट पिवळा पाहिजे, याच्या ट्यूबमध्ये सरळ तांबडा रस्सा! मी म्हटलं टाक, तर म्हणतो गाइडला पुढच्या आठवड्यात डेटा दाखवायचाय. केला रन. नॉर्मलायझेशन, म्हणजे बाकीचे आकडे ज्याच्यावर भागायचे ते, मिर-१६ वर. आता मिर-१६ लाल पेशींत ठासून भरलेलं असतं, रक्त फुटलं की ते वाढणार, आणि त्यावर भागलं की बाकी सगळं 'कमी' दिसणार. पोरगं खूश, कॅन्सरमध्ये एवढे मायक्रोआरएनए घटले म्हणून, पोस्टर पण छापलं. नंतर मिर-४५१ए, हे पण लाल पेशींतलंच, लावून बघितलं तेव्हा कळलं की फरक पेशंट आणि नॉर्मलमधला नव्हताच, फुटलेल्या आणि न फुटलेल्या रक्तातला होता. माझी सवय सांगते, ट्यूब पांढऱ्या कागदासमोर धरायची, सेंट्रिफ्यूज दोनदा करायचं, ४१४ नॅनोमीटरला (तिथं हिमोग्लोबिन कळतं) रीडिंग घ्यायचं, आणि मिर-२३ए (रक्त फुटलं तरी फारसं न बदलणारं) आणि मिर-४५१ए च्या सीटीमधला (पीसीआरमध्ये सिग्नल दिसायला लागतो तो सायकलचा आकडा) फरक ७ च्या वर गेला तर सॅम्पल बादच. हळहळायचं नाही. घाई असेल तर दुसरा विषय घ्या.

बाकीच्या पटापट. हेपरिनची ट्यूब नको, पीसीआर अडतो, ईडीटीए घ्या. साधा आरएनए कॉलम २२ बेसचे तुकडे धरत नाही, स्मॉल आरएनएचं किट घ्या, पैसे जातात पण जाऊ देत. मिर-२००सी च्या थ्री-पी आणि फाइव्ह-पी (एकाच मूळ रेणूच्या दोन बाजूंचे तुकडे) दोन वेगळ्या गोष्टी आहेत, प्रायमर मागवताना पूर्ण नाव लिहा. टार्गेटस्कॅनमध्ये (कुठलं मिर कुठल्या जीनला दाबेल याचा अंदाज सांगणारी साइट) नाव आलं म्हणजे टार्गेट सिद्ध झालं नाही, लॅबमध्ये लुसिफरेजची टेस्ट करा. आणि मायक्रोआरएनएचा आकडा बघून पेशंटच्या भावाला "तुम्हाला पण होणार" असलं काही बोलायचं नाही, त्याला सीडीएच१ ची टेस्ट आणि जेनेटिक काउन्सेलर लागतो, कारण म्युटेशन निघालं तर अख्खं जठर काढायचं का इथपर्यंत गोष्ट जाते.

हां, एक राहिलंच. एजीएस या जठराच्या कॅन्सरच्या सेल लाइनमध्ये (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) मिर-२०० घालून ई-कॅडहेरिन वाढलं का बघत बसणारे दरवर्षी भेटतात. एजीएसमध्ये सीडीएच१ च बिघडलेला आहे, ते प्रोटीन तिथं बनतच नाही. वेस्टर्न ब्लॉटवर पट्टी येईना म्हणून अँटीबॉडीला शिव्या घालण्याआधी सेल लाइनची माहिती वाचा की.