जुन्या गाडीची ॲल्युमिनियम चाकं रुंद करताना

आधी धातू ओळखा. शर्यतीच्या जुन्या गाड्यांची काही चाकं मॅग्नेशियमची असतात आणि रंगाखाली ती हुबेहूब ॲल्युमिनियमसारखी दिसतात. आतल्या बाजूला नखाएवढी जागा खरवडा आणि व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर मॅग्नेशियम. ते चाक बाजूला ठेवा, त्याचा कीससुद्धा पेट घेतो.

टायर पूर्ण उतरवा. नुसती हवा सोडून भागत नाही. वेल्डिंगमध्ये तापलेल्या रबराच्या वायूने टायर फुटतो आणि त्यात माणसं दगावली आहेत.

कापायचं आणि जोडायचं ते फक्त बॅरलमध्ये, म्हणजे टायर बसतो त्या नळकांड्यासारख्या भागात, आऱ्यांपासून लांब. आरे, हब आणि बोल्टची भोकं यांना वेल्ड लावू नका, कोणी कितीही गळ घातली तरी. टी-६ ही उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला धातू वेल्डशेजारी मऊ पडतो. ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद तर जवळपास निम्म्यावर येते. लेथवर बॅरल सरळ कापा, मध्ये ६०६१ ची कडी बसवा, दोन्ही बाजूंनी वेल्ड भरायला व्ही आकाराचा गाळा काढा.

आता सफाई. ‘ब्रश मारा, ॲसिटोनने पुसा आणि सुरू करा’ हा सल्ला नव्या पत्र्याला ठीक आहे. पन्नास वर्षं रस्त्यावर फिरलेल्या ओतीव चाकाला तो लावला तर काम वाया जातं. ओतीव धातूत सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांत ग्रीस, तेल, ब्रेकची धूळ मुरलेली असते. माझं पहिलं चाक मी आरशासारखं चकचकीत केलं होतं. आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) लागताच वितळलेल्या धातूवर काळे ठिपके तरंगू लागले. वाटलं, वेल्डला हवेपासून झाकणारा आर्गॉन वायू कमी पडतोय, म्हणून वायू वाढवत बसलो. थंड झाल्यावर वेल्ड घासून पाहिला तर आत पावासारखी जाळी! दोष वायूचा नव्हता, धातूच्या पोटातल्या तेलाचा होता.

तेव्हापासून मी असं करतो. गाळ्याच्या कडा कार्बाइड बरने (धातू कोरणाऱ्या फिरत्या दातेरी हत्याराने) मोकळ्या करतो. साध्या ग्राइंडिंग चाकाचे कण मऊ धातूत रुततात, ते वापरूच नका. मग ॲसिटोन. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर चुकूनही नको, आर्कखाली त्यापासून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. त्यानंतर फिलर (जोडात वितळवायची सळई) न घालता कडेवरून हलका आर्क फिरवतो. आतली घाण काळी होऊन वर येते. तो थर बरने काढून टाकतो आणि पुन्हा आर्क फिरवतो. कधी दोनदा, कधी पाचदा. कड वितळल्यावर स्वच्छ चांदीसारखी चमकेपर्यंत थांबत नाही. कंटाळवाणं काम आहे, पण वेल्ड टिकतो तो इथेच.

सगळ्यात शेवटी स्टीलचा ब्रश मारायचा: स्टेनलेस, आणि फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्याही वर. पापुद्रा राहिला तर खालचा धातू पाणी होतो आणि कडा एकजीव होत नाहीत. ब्रश मारल्यावर चहाला जाऊ नका, लगेच जोडा.

वेल्डिंग एसी टिगवर (उलटसुलट प्रवाहाच्या, टंगस्टन टोकाच्या वेल्डिंग यंत्रावर), शुद्ध आर्गॉनमध्ये. चाक १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा. समोरासमोर आठ टाके (छोटे वेल्ड) मारा, मग तुकड्यातुकड्याने आलटून पालटून भरा, आधी बाहेरून, मग आतून. फिलर ४०४३ या मिश्रधातूचा. ५३५६ जास्त मजबूत म्हणून सुचवतात, पण ६५ अंशांपुढच्या सततच्या उष्णतेत ताणाखाली त्याला चिरा पडू शकतात, आणि ब्रेकशेजारचं चाक तापतंच. प्रत्येक टोकाला करंट हळूहळू उतरवत खळगा भरा, चीर तिथूनच सुरू होते.

थंड होऊ द्या, पाणी ओतू नका. मग डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरा दाखवणारा रंग, लावून दोन्ही बाजू तपासा, टायर चढवून साबणाच्या पाण्याने गळती बघा. पण टायर चढवण्याआधी चाक फिरवून त्याचा वाकडेपणा मोजणारा डायल गेज लावा. सुई अर्ध्या मिलिमीटरपुढे गेली तर मी कडी कापून पुन्हा बसवतो. हातोड्याने ठोकून सरळ करू नका आणि बॅलन्सिंगची वजनं लावून वाकडेपणा झाकू नका. वजनाने चाक गोल होत नाही.