टायमिंग बेल्ट बदलताना आणखी काय उरकून घ्यावे

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जुळवून फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. त्याच्या कामात खरा खर्च उघडझाकीचा असतो. बऱ्याच गाड्यांत इंजिनाला खालून जॅकचा आधार द्यायचा, एका बाजूचे माउंटिंग काढायचे, बाहेरचे पट्टे, क्रँक पुली आणि कव्हर उतरवायचे, तेव्हा कुठे बेल्ट हाताला लागतो. म्हणून त्या कव्हरमागचे जे जे झिजणारे आहे ते त्याच दिवशी बदलून घ्यावे. इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, फिरवणारा वॉटर पंप वर्षभरात गळायला लागला तर हीच सगळी उठाठेव पुन्हा, आणि मजुरीही पुन्हा.

आधी आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन, ते बघा. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांना चेन असते. डस्टरचे दीड लिटर डिझेल, जुन्या इनोव्हाचे अडीच लिटर डिझेल यांना बेल्ट. मॅन्युअलमध्ये बेल्टची मुदत बघा. किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मुदती असतील, तर जी आधी भरेल ती खरी. गोव्यात इथेच चूक होते. म्हापसा ते पणजी जाऊन-येऊन रोजचे जेमतेम 26 किलोमीटर, त्यामुळे मीटर हळू पुढे सरकतो आणि मालक निर्धास्त राहतो. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते.

मग गाडी गॅरेजमध्ये नेण्याआधीच मेस्त्रीशी बसून यादी करा. बेल्ट सुटा घेऊ नका. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर पुली (बेल्टला वळण देणारी) यांसकट पूर्ण किट घ्या, कारण टेन्शनरचे बेअरिंग जाम झाले तर नवा बेल्टही टिकत नाही. पुढचा प्रश्न विचारा: वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो का? डस्टरच्या त्या डिझेलमध्ये फिरतो. तसे असेल तर पंप बदलाच, तो गळत नसला तरी. पंप बाहेरच्या पट्ट्यावर असेल तर घाई नाही. तो नंतरही सहज निघतो.

कव्हर उघडल्यावर शक्य असेल तर स्वतः जाऊन बॅटरीच्या उजेडात नीट बघा. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असते. त्याखाली कूलंटचा हिरवा किंवा गुलाबी सुकलेला ओघळ दिसला तर पंपाचे सील गेले. कॅम आणि क्रँकच्या तोंडाशी काळा, तेलकट चिखल साचला असेल तर तिथली ऑइल सील बदला. सील तशी स्वस्त असतात, पण तेल पिऊन फुगलेल्या बेल्टचे दात सुटतात. बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उतरवावे लागते.

पंप निघाला की कूलंट रिकामा होतोच, तेव्हा तो नवीनच भरा, जमल्यास थर्मोस्टॅटही (कूलंटची वाट उघडझाक करणारी झडप) बदला. बाहेरचे पट्टे आणि माउंटिंगचे रबरही बघून घ्या. क्लच मात्र या यादीत घालू नका. तो गिअरबॉक्सच्या बाजूला असतो, त्याची मजुरी वेगळीच लागते. जुना कूलंट भांड्यात गोळा करायला सांगा. तो विषारी असून चवीला गोड असतो, कुत्री-मांजरे तो चाटतात, आणि अंगणात ओतला तर विहीर जवळच असते.

नवा बेल्ट बसला की स्टार्टर मारू देऊ नका. क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिन फिरते त्याच दिशेने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवायला सांगा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, तेव्हा जुळवणीच्या खुणा परत जुळल्या पाहिजेत. मध्येच अडकले तर जोर न लावता पुन्हा जुळवणी करायची. या तपासणीला थोडाच वेळ लागतो, आणि मेस्त्री कितीही जुना असला तरी ती झालीच पाहिजे.

चतुर्थीच्या तोंडावर हे काम काढू नका. गॅरेजात तेव्हा गर्दी असते, आणि घाईत नेमकी ही तपासणीच राहून जाते. गाडी घरी आणल्यावर पहिले काही दिवस सकाळी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. आत अडकलेली हवा निघाली की ती थोडी उतरते, तेवढी भरून काढा. रोजच उतरत राहिली तर गाडी परत दाखवा.