जुनी बाहुलीघरे दुरुस्त करताना आणि सजवताना या चुका टाळा

जुने बाहुलीघर नव्या छांदिष्टाच्या हाती पडले की पहिल्या आठवड्यातच त्याचे सर्वाधिक नुकसान होते. धूळ, निखळलेली बिजागरी, सुटलेले रंगाचे पोपडे आणि कोणीतरी मध्येच चिकटवलेला विजोड भिंतकागद पाहून हात शिवशिवू लागतात, आणि दोन सुट्यांच्या दिवसांत घर नव्यासारखे करण्याचा बेत ठरतो. ते घर नव्यासारखे होतेही. फक्त त्यानंतर ते जुने राहत नाही. गेली कित्येक वर्षे मी अशी घरे दुरुस्त करतो आहे आणि दुसऱ्यांनी अर्धवट सोडलेली घरेही माझ्याकडे येतात. त्यांवरच्या खुणा इतक्या सारख्या असतात की काय घडले असेल ते मला न विचारताही कळते.

सर्वांत वाईट चूक म्हणजे भिंती आणि छप्पर थेट लाकडापर्यंत खरवडून काढणे. ती मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. माझ्याकडे आलेले दुसरे घर प्लायवूडचे, चार खोल्यांचे होते आणि त्याची पुढची भिंत दोन बिजागऱ्यांवर उघडत असे. बैठकीच्या खोलीत भिंतकागदाचे चार थर होते. सर्वांत वरचा थर अलीकडचा, फुगे आलेला आणि कोपऱ्यांत सुटलेला होता. किटलीची वाफ देताच तो इतक्या सहज निघाला की माझा धीर वाढला आणि खालचे तीनही थर मी त्याच दुपारी काढायला घेतले. शेवटच्या थराबरोबर लाकडाचा पातळ पापुद्राही सुटतो आहे, हे मला दिसत होते. पण तोवर अर्धी भिंत उघडी पडली होती आणि मध्येच थांबणे मनाला पटत नव्हते. दोन आठवड्यांनी भिंत वाळली तेव्हा प्लायवूड जागोजागी फुगलेले होते आणि बाजूची भिंत इतकी वाकली होती की पुढची भिंत बंद होईना. त्यानंतर शेकोटीची चौकट दुरुस्तीसाठी काढली, तर तिच्या मागे दोन बोटे रुंदीची कागदाची पट्टी शाबूत मिळाली. फिकट पिवळ्या कागदावर बारीक हिरवी वेल होती. चौकट त्या कागदावरूनच खिळ्यांनी ठोकलेली होती आणि खिळे कधी हललेले दिसत नव्हते, म्हणजे घर तयार झाले तेव्हाचा कागद तोच होता. त्या खोलीच्या मूळ सजावटीचा तेवढाच पुरावा आता उरला आहे.

तेव्हापासून कोणत्याही घराला मी पहिले काही दिवस फक्त मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडतो आणि सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतो. मग शेकोटीच्या मागे, जिन्याखाली आणि दाराच्या चौकटीच्या कडेला पाहतो, कारण नंतरच्या मालकांचे हात तिथपर्यंत सहसा पोहोचलेले नसतात. खालचे थर पाहायचेच असतील, तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात नखाएवढी जागा ओलसर कापसाच्या बोळ्याने सैल करून चिमट्याने एकेक थर उचलतो आणि तिथेच थांबतो. वरचा कागद अगदीच नकोसा असला, तर भिंतीच्या मापाचा पातळ पुठ्ठा कापून नवा कागद त्या पुठ्ठ्यावर चिकटवतो आणि तो पुठ्ठा भिंतीला टेकवून कोपऱ्यांत मेणाच्या ठिपक्यांनी अडकवतो. खोली हवी तशी दिसते आणि जुने सर्व थर मागे सुरक्षित राहतात. या कामाला एक संध्याकाळ जास्त लागते, म्हणून बहुतेक जण ते टाळतात, आणि तो आळस मला कधीच समजलेला नाही.

त्या पट्टीवरून मी पुढे नवा कागद छापून घेतला, तेव्हा आणखी एक धडा मिळाला. घरगुती इंकजेट छपाईची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. ओली खळ लावताच माझी हिरवी वेल पिवळ्या रंगात पसरली. लेझर छपाई घ्यावी, किंवा छापील कागदावर आधी पारदर्शक संरक्षक फवारा मारून तो पूर्ण वाळू द्यावा.

रंगाच्या बाबतीत प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. जुन्या घरांच्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये. असा रंग कोरड्या पॉलिशपेपरने घासला की शिशाची धूळ श्वासात आणि घरभर जाते, आणि गरम हवेच्या यंत्राने तो उकलला की विषारी वाफ निघते. लहान मुलांच्या शरीरावर शिशाचा परिणाम सर्वांत गंभीर होतो, आणि बाहुलीघर दिसले की मुले तिथे येणारच. रंग सुटत असेल, तर मी योग्य मास्क लावून तेवढाच भाग ओला करून अगदी हलक्या हाताने घासतो, चिंधी लगेच पिशवीत बंद करतो आणि ते घर मुलांना खेळायला देत नाही. पक्का असलेला रंग मी मुळीच घासत नाही.

शिवाय रंग हा पुरावा असतो. जर्मनीतील मोरित्झ गॉट्शाल्क यांच्या कारखान्याच्या जुन्या घरांची छपरे निळी असत आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास ती लाल होऊ लागली; संग्राहक या घरांचा काळ ओळखताना पहिली नजर छपरावर टाकतात. असे निळे छप्पर 'कौलांसारखे दिसावे' म्हणून लाल रंगवलेले मी पाहिले आहे. रंगवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, तरी त्या घराचे वय सांगणारी सर्वांत ठळक खूण त्याने एका दुपारीत झाकून टाकली. स्क्रूंचेही तसेच आहे. अधिक चिन्हाच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले, म्हणून एकोणिसाव्या शतकातील म्हणवणाऱ्या घराच्या बिजागरीत ते दिसले, तर ती बिजागरी नंतर कोणीतरी बसवलेली आहे. उलट जुने, सरळ खाचेचे गंजके स्क्रू काढून चकचकीत नवे लावणारा माणूस पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करतो. गंजलेला स्क्रू पुसून, तेलाचा थेंब देऊन पुन्हा त्याच भोकात बसवावा.

प्रमाण न मोजता केलेली खरेदी

सजावटीतील सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे. आज मिळणारे बहुतेक लघुफर्निचर एकास बारा या प्रमाणात असते, म्हणजे खऱ्या वस्तूच्या एका फुटाला तिथे एक इंच. विंडसर कॅसलमधील राणी मेरी यांचे बाहुलीघर, ज्याचा आराखडा एडविन लट्यन्स यांनी केला आणि जे १९२४ मध्ये पूर्ण झाले, ते याच प्रमाणात आहे. मुलांच्या खेळासाठी कारखान्यांत बनलेली घरे मात्र या नियमाने बांधलेली नाहीत. ब्रिटनमधील लाइन्स ब्रदर्स कंपनीच्या ट्राय-अँग छापाची अनेक घरे एकास सोळाच्या आसपास बसतात, आणि स्वीडनच्या लुंडबी कंपनीची जुनी घरे एकास अठराच्या जवळ.

एका तरुण छांदिष्टाने एकास सोळाच्या घरासाठी एकास बाराचा जेवणाच्या खोलीचा संपूर्ण संच घेतला. कपाट दारातून आत जाईना, म्हणून त्याने दाराची चौकट काढली आणि आतली भिंत करवतीने दीड सेंटीमीटर वर कापली. कपाट आत गेले आणि खोलीच्या छताला टेकले. मग खुर्च्या टेबलाभोवती मावेनात, म्हणून चारपैकी दोन खुर्च्यांचे पाय कापले गेले. माझ्याकडे घर आले तेव्हा मूळ चौकट हरवलेली होती. सुदैवाने कापलेला लाकडी तुकडा त्याने जपून ठेवला होता. तो मी सरसाने, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनच्या गोंदाने, परत बसवला. चौकट मात्र वरच्या मजल्यावरच्या चौकटीवरून नवी घडवावी लागली, आणि तिच्या मागच्या बाजूला मी पेन्सिलीने ती नवी असल्याचे लिहून ठेवले.

हे सर्व एका पुठ्ठ्याने टळले असते. माझ्या पेटीत पुठ्ठ्याची चार माणसे नेहमी असतात. सुमारे १६८ सेंटीमीटर उंचीचा माणूस धरला, तर एकास बारा प्रमाणात तो १४ सेंटीमीटर होतो, एकास सोळात १०.५, एकास अठरात ९.३ आणि एकास चोवीसात ७. घर समोर आले की ही माणसे एकेक करून दारात, जिन्यावर आणि खिडकीपाशी उभी करायची. जो माणूस दारातून न वाकता जातो आणि ज्याच्या डोक्यावर फार मोकळी जागा उरत नाही, त्याचे प्रमाण त्या घराचे समजायचे. फर्निचर घेताना विक्रेत्याने लिहिलेल्या प्रमाणावर विसंबू नये, बैठकीची उंची मोजावी. खऱ्या खुर्चीची बैठक सुमारे ४५ सेंटीमीटर असते, म्हणून एकास बारात ती पावणेचार सेंटीमीटर आणि एकास सोळात २.८ सेंटीमीटर यायला हवी. टेबलाची उंची त्याच हिशेबाने सव्वासहा आणि ४.७ सेंटीमीटर.

एक अपवाद मात्र मनापासून मान्य करावा. घराबरोबर मुलांनी पूर्वी वापरलेले मूळ फर्निचर आले असेल आणि त्यात टेबल लहान, पलंग मोठा असेल, तर ते तसेच ठेवावे. मुले जे मिळेल ते आणून घर मांडत असत आणि तो विजोडपणा त्या घराचा स्वतःचा आहे. ते फर्निचर बाजूला सारून एकसारखा नवा संच मांडणे मला कधीही रुचलेले नाही.

गोंद, पाणी आणि वीज

झटपट गोंद (सुपरग्लू) खिडकीच्या प्लास्टिकजवळ वापरू नये. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढुरकी साय धरते आणि ती सहजी जात नाही. गरम गोंदाची बंदूक तर या कामात आणूच नये, कारण जाड गाठी राहतात, सांधा नीट मिटत नाही आणि काही काळाने तो निखळतो. जुन्या लाकडी सांध्यांत बहुधा सरसच असतो, आणि तो कोमट पाण्याने मऊ होऊन सांधा न मोडता उघडतो. म्हणून मीही सरसच वापरतो. पुढे कोणाला तो सांधा उघडावा लागला, तर त्याला करवत घ्यावी लागू नये. कागदासाठी पातळ खळ पुरते.

छापील कागद चिकटवलेल्या लाकडी घरांवर, उदाहरणार्थ अमेरिकेतील ब्लिस कंपनीच्या घरांवर, ओले फडके फिरवू नये. कागदाच्या कडा उचलल्या जातात आणि छपाईही जाऊ शकते. मऊ कुंचला, त्यानंतर काजळी टिपणारा रबरी स्पंज, आणि अगदीच गरज पडली तर न दिसणाऱ्या जागी पारखून घेऊन थुंकीने किंचित ओलावलेला कापूस, एवढेच. थुंकीतील पाचकद्रव्य मळ सैल करते आणि संग्रहालयांतील संवर्धकही ही पद्धत वापरतात. छापील पत्र्याच्या घरांवरचा गंज व्हिनेगरने किंवा तारेच्या ब्रशने काढू नये, कारण गंजाबरोबर चित्रही निघते.

लाकडात बारीक भोके आणि खाली फिकट, ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे असे समजावे आणि ती वस्तू इतरांपासून त्याच दिवशी दूर करावी. लहान लाकडी फर्निचर मी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान दोन आठवडे ठेवतो आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडत नाही, नाहीतर दव लाकडावरच जमते.

दिव्यांच्या बाबतीत घाई करणाऱ्यांचे नुकसान एका क्षणात होते. लुंडबीच्या जुन्या घरांची वीजव्यवस्था ४ व्होल्टची आहे आणि आजचे बरेच संच १२ व्होल्टचे असतात. जुने दिवे नव्या पुरवठ्याला जोडले की लगेच जळतात. घराबरोबर आलेला जुना रोहित्र-डबा (ट्रान्सफॉर्मर) भिंतीच्या प्लगमध्ये लावून पाहू नये, कारण त्याच्या तारांचे आवरण ठिसूळ झालेले असू शकते. तो जपून ठेवावा आणि दिवे योग्य व्होल्टच्या नव्या, प्रमाणित पुरवठ्यावर चालवावेत.

काम संपल्यावर मी घराच्या तळाला एक कागदी पाकीट लावतो. वापरता न आलेले मूळ स्क्रू, सुटलेल्या रंगाचा पोपडा, काढावा लागलेल्या कागदाचा तुकडा, आणि मी काय बदलले, कोणता गोंद कुठे वापरला याची तारखेसह लिहिलेली चिठ्ठी त्यात असते. दुसऱ्या घराच्या पाकिटात ती दोन बोटे रुंदीची, हिरव्या वेलीची पट्टीही आहे.