टेनिस एल्बो: दुखणे लांबवणाऱ्या या चुका टाळा

भरलेली किटली उचलताना किंवा ओला कपडा पिळताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येऊ लागली की आपण कोपरच चोळत बसतो, आणि इथेच पहिली चूक होते. कोपर दुखत असले तरी खरा ताण मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंवर पडत असतो. या स्नायूंची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पट्टी, टेंडन) कोपराच्या बाहेरील हाडाच्या उंचवट्याला जोडलेली असते आणि मूठ आवळताना मनगट स्थिर ठेवण्याचे कामही हेच स्नायू करतात. त्यामुळे आयुष्यात कधी रॅकेट न धरलेल्यांनाही हा त्रास होतो. किंबहुना बहुतेक रुग्ण असेच असतात, आणि त्यांतले बरेच जण ३५ ते ५५ या वयोगटातले असतात.

दुसरी चूक म्हणजे हात पूर्णपणे जायबंदी असल्यासारखा जपणे. सुरुवातीचे काही दिवस त्रासदायक कामे कमी करणे योग्यच आहे; परंतु आठवडेच्या आठवडे हात वापरलाच नाही, तर कंडरा आणखी दुबळी होते आणि काम पुन्हा सुरू करताच दुखणे उलटते. कंडरेला बळ येते ते बेताबेताने वाढवलेल्या भारानेच. त्यासाठी हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलावर टेकवावा, पंजा कडेबाहेर ठेवून तळवा जमिनीकडे करावा आणि अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरावी. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यावे, मग आधार काढून चार-पाच अंक मोजत सावकाश खाली आणावे. असे १० ते १५ वेळा करावे. हेही झेपत नसेल, तर मनगट न हलवता बाटली ३० ते ४५ सेकंद नुसती धरून ठेवावी. व्यायामात किंचित दुखणे चालते; मात्र ते दुसऱ्या दिवशी वाढलेले असेल तर भार कमी करावा. फरक जाणवायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, आणि बरेच जण त्याआधीच कंटाळून सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनची घाई ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे. पहिले काही आठवडे आराम पडतो हे खरे. पण वर्षभरानंतर पाहिले असता, इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. स्टेरॉइड सूज कमी करते, पण जुनाट दुखण्यात सूज फारशी नसतेच. कंडरेच्या तंतूंची झीज आणि विस्कटलेली रचना हे मूळ कारण असते.

पट्टा वापरत असाल तर तो सांध्यावर नव्हे, कोपराच्या दोन-तीन बोटे खाली, स्नायूच्या फुगीर भागावर बांधावा. बोटांना मुंग्या येतील इतका आवळू नये. वस्तू उचलताना तळवा वर असावा आणि वस्तू अंगाजवळ धरावी. खुर्ची तिच्या पाठीला धरून एका हाताने, तळवा खाली ठेवून उचलण्याची सवय मोडली तरी पुष्कळांचा दिवस सुसह्य होतो.

बोटांत बधिरपणा, मानेतून हातात उतरणारी कळ, पडल्यानंतर हात सरळ न होणे, कोपर लाल व गरम होऊन ताप येणे, यांपैकी काहीही असल्यास ते टेनिस एल्बो समजून अंगावर काढू नये. डॉक्टरांना लगेच दाखवावे.